कव्हर वाजवणाऱ्या पोरांना हसण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार.

मुंबईतल्या नव्या रॉक बँडचा विषय निघाला की एक टोमणा ठरलेला असतो, ही पोरं दुसऱ्यांचीच गाणी, म्हणजे कव्हर, वाजवतात, यांचं स्वतःचं असं काय आहे? असं म्हणणाऱ्यांनी एकदा डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम ऐकावा. 'मशीन हेड' नाही हो, त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' तर गिटार हातात घेतलेलं प्रत्येक पोरगं वाजवतं, मी म्हणतोय तो १९६८ चा 'शेड्स ऑफ डीप पर्पल'.

तीन दिवसांत उरकलेलं रेकॉर्डिंग, एकूण आठ ट्रॅक आणि त्यातली चार गाणी उसनी. बीटल्सचं 'हेल्प' घेतलंय आणि पार संथ करून टाकलंय, 'हे जो' तर गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सनं आधीच गाजवलेलं, त्याला हात लावायची हिंमतच म्हणायची. गायक पुढे गाजलेला इयान गिलन नाही, रॉड इव्हान्स, मऊ गोड आवाज, किंकाळी वगैरे काही नाही. कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डला मध्येच वेस्टर्न क्लासिकल आठवतं, रिम्स्की-कोर्साकोव्हची 'शेहेराझाद' आणून ठेवतो आणि लगेच पुढे क्रीम या बँडनं वाजवलेलं 'आय'म सो ग्लॅड' सुरू, कशाचा कशाला मेळ नाही. 'हश' तेवढं अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, तेही जो साउथनं लिहिलेलं, ब्रिटनमध्ये मात्र कोणी फारसं विचारलं नाही.

पण 'मँड्रेक रूट' ऐका, नीट हेडफोन लावून. अर्धं गाणं झाल्यावर गाणं राहतंच बाजूला, लॉर्डचा हॅमंड ऑर्गन खरखरायला लागतो, ब्लॅकमोरची गिटार त्याच्या अंगावर जाते, मागे इयान पेस ड्रमवर नुसता सुटलेला, आणि मग लक्षात येतं की पुढचं पर्पल हे इथं आहे, फक्त त्यांना स्वतःलाच अजून कळलेलं नाही. म्हणून तर गिलन आल्यावरही स्टेजवर हे गाणं ते ताणून ताणून वाजवायचे. गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर आले १९६९ मध्ये, हा आवाज पक्का झालेला 'इन रॉक' आला १९७० मध्ये, आणि तो त्यांचा चौथा स्टुडिओ अल्बम होता! पहिल्या तीनमध्ये चाचपडणंच चाललं होतं (दुसऱ्यातही नील डायमंडचं 'केंटकी वूमन' आहेच).

आपल्याकडे शागीर्द वर्षानुवर्षं गुरूचीच गायकी गातो तेव्हा आपण माना डोलावतो, मग गिटारवाल्यांनाच घाई कशाला? आपल्या मुंबईचंच बघा, रॉक मशीन बँड सुरू झाला १९८४ ला, स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला १९८८ ला, आणि इंडस क्रीड हे नाव घेतलं ते १९९३ मध्ये. मधल्या वर्षांत त्यांना रंगभवनसारखं स्टेज होतं, कॉलेजचे फेस्टिवल होते, समोर ओरडणारं पब्लिक होतं. आता धोबीतलावचं ते रंगभवन आवाजाच्या नियमांमुळे रॉकला बंद झालं त्यालाही कितीतरी वर्षं झाली, आणि पोरांनी मॉलमध्ये नाहीतर बारमध्ये वाजवायचं म्हटलं की मालकच सांगतो, लोकांना माहितीची गाणी घ्या. मग कव्हर नाही वाजवणार तर काय करणार?

तेव्हा पुरवणीत एखादा कॉलम या पोरांच्या पहिल्या रेकॉर्डिंगसाठी ठेवा, कच्ची असली तरी चालतील, आणि लिहिणाऱ्याला सांगा की स्टार देऊ नको, कुठलं गाणं कुठल्या मिनिटाला पकड घेतं तेवढं लिही.

आपला,
एक वाचक, गिरगाव