आपल्याला कोण हॅक करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॅकिंग आणि राष्ट्रीय सुरक्षा या विषयावरचा कालचा आपला अग्रलेख काळजीपूर्वक वाचला. चीन आला, पाकिस्तान आला, लष्कराची सायबर एजन्सी आली, कुडनकुलमचा अणुऊर्जा प्रकल्पही आला. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराचे मात्र नावही नाही. नवी मुंबईच्या आवृत्तीत, बंदरापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्यांसाठी हे छापताना आपल्याकडे कोणालाच २०१७ आठवले नाही, याचा मनापासून राग आला.

मी कस्टम क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात-निर्यातीचा माल सीमाशुल्क खात्यातून सोडवण्याच्या, धंद्यात उभे आयुष्य काढले आहे. २७ जून २०१७ चा मंगळवार आमच्यापैकी कोणी विसरलेला नाही. मर्स्कसारख्या बलाढ्य जहाज कंपनीची यंत्रणा त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ या विषाणूच्या सायबर हल्ल्यात जगभर कोलमडली आणि जेएनपीटीतले, म्हणजे न्हावा शेवा बंदरातले, त्यांच्या समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले. कोणता कंटेनर यार्डात कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आहे हे ज्या संगणकाला ठाऊक, तोच बंद. पेट्यांच्या त्या डोंगरातून आपली पेटी शोधायची कशी? काम हाताने सुरू केले गेले, माणसांनी जीव तोडून केलेही, पण एवढे मोठे टर्मिनल वहीपेनावर किती चालणार? निर्यातीचा माल आत जाईना, आयातीचा बाहेर येईना.

आमच्याकडे तेव्हा तळोज्याच्या एका निर्यातदाराची गोठवलेली कोळंबी होती. रीफर, म्हणजे शीत कंटेनर, ट्रेलरवर चढलेला, गेट-इन (बंदरात प्रवेश) होत नाही, जहाजाची कट-ऑफ (माल पोहोचवायची शेवटची वेळ) टळून गेलेली. रीफर थंड ठेवायचा तर जेनसेट (जनरेटर) सतत चालू हवा, म्हणजे डिझेल संपण्याआधी कोणीतरी आणून ओतायला हवे. भर पावसात आमचा ड्रायव्हर कॅन घेऊन रांगांमधून चालत जायचा. त्याला प्यायचे पाणी नव्हते, शौचालय नव्हते. नऊ हजार कोटींचे प्रकल्प असोत की नव्वद हजार कोटींचे, ज्याच्या जिवावर माल हलतो त्या माणसासाठी उरणच्या रस्त्याकडेला आजही धड सोय नाही. हा विषय वेगळा आहे हे मला कळते, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता मुद्द्याचे. त्या हल्ल्याचे लक्ष्य उरण नव्हतेच. लक्ष्य होते युक्रेन. तिथल्या कंपन्या कराच्या हिशेबासाठी जे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून तो विषाणू सोडला गेला. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो जगभर गेला. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्यासारख्या नव्हत्या, कारण हेतू नासधुशीचाच होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने यामागे रशियन लष्कर असल्याचे जाहीर केले. दोन परक्या देशांचे वैर आणि माल अडकला आमच्या तळोज्याचा!

त्या विषाणूने विंडोजमधल्या ज्या भोकाचा फायदा घेतला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. मे महिन्यात वॉनाक्राय या दुसऱ्या विषाणूने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला होता. तरीही जूनमध्ये हे घडले. त्याहून वाईट म्हणजे हा विषाणू एका संगणकात शिरला की तिथले पासवर्ड उचलून शेजारच्या, अपडेट केलेल्या संगणकांतही घुसत असे. दुर्लक्षित असे एकच यंत्र साऱ्या कार्यालयाला पुरून उरले.

हे इतके सविस्तर लिहितो आहे, कारण परवाच उरण बाजूच्या एका खासगी कंटेनर यार्डाच्या कार्यालयात गेलो होतो. काउंटरवरच्या मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली, तीवर लॉगिन आणि पासवर्ड, बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही वाचता येईल असा. लॉगिन ज्याच्या नावाचे, तो मुलगा कधीच नोकरी सोडून गेला आहे, पण तिन्ही पाळ्या त्याच्याच नावाने चालतात. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’, म्हणजे विंडोज विनापरवाना असल्याची सूचना, झळकते आहे. एक ड्रायव्हर आला, त्याने खिशातला पेन ड्राइव्ह दिला आणि त्याच यंत्रात लावून त्याला प्रिंट काढून दिली गेली. मी मॅनेजरला म्हटले, हे बरोबर नाही. तो म्हणाला, “काका, आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय? आपल्याला कोण हॅक करणार?” नंतर ई-मेलही केला. उत्तर नाही.

हेच वाक्य मी वाहतूकदारांकडे ऐकतो, आमच्याच सीएचए (कस्टम क्लिअरिंगवाल्या) मंडळींकडे ऐकतो. मुंबईतून, ठाण्यातून, भिवंडीच्या गोदामांतून बंदराच्या व्यवहारात दिवसभर कागद जातात, ते याच कार्यालयांतून. अग्रलेखात ‘अद्ययावत तंत्रज्ञान’ आणि ‘सायबर योद्धे’ हवेत असे म्हटले आहे. जरूर हवेत. पण त्या काउंटरवरची चिठ्ठी काढायला योद्धा येणार आहे का?

दुसरी खंत लपवाछपवीची. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाचे रुग्ण रुग्णालयांत होते. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. आम्ही कोणाचे खरे मानायचे? कुडनकुलममध्ये २०१९ साली सायबर हल्ल्याचा आधी इन्कार झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात मालवेअर सापडल्याची कबुली आली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ मध्ये निघालेला आदेश आहे की अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. मला भेटणाऱ्या यार्डवाल्यांपैकी कोणीही हा आदेश ऐकलेला नाही. ‘सिस्टिम डाऊन आहे, उद्या या’ एवढेच सांगून ते मोकळे होतात.

माझी मागणी साधी आहे. बंदराशी कामाने जोडलेल्या प्रत्येक यार्डाची, वाहतूकदाराची आणि आम्हा क्लिअरिंगवाल्यांची संगणक तपासणी दरवर्षी व्हावी. जसे फायर ऑडिट, तसे हे. कागदोपत्री नको, माणूस येऊन यंत्र उघडून पाहील असे. परवाना नूतनीकरण त्याला बांधा, म्हणजे आपोआप हलतील. महापेला राज्याचे सायबर मुख्यालय आहे, उरण तिथून फार लांब नाही.

आणि संपादक महोदय, या विषयावर पुन्हा लिहिण्याआधी आपला वार्ताहर दिल्लीला फोन लावण्यापूर्वी इकडच्या चार यार्डांत पाठवा. कोणत्या काउंटरवर काय चिकटवले आहे ते मी स्वतः बरोबर येऊन दाखवतो. त्याच फेरीत ट्रेलर ड्रायव्हरांच्या पाण्याचे आणि शौचालयाचेही फोटो काढा आणि दोन्ही बातम्या एकाच दिवशी छापा.

आपला,
एक कस्टम क्लिअरिंग व्यावसायिक,
नेरूळ, नवी मुंबई