दोन रकाने आणि एक आंतर्देशीय

सप्टेंबर 2025

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तुझ्या फौजेतून परत येण्याचा विषय काढला की तू लगेच "आप्पा, जेवलात का?" म्हणतोस आणि मी "जेवलो" म्हणतो. सहा वर्षं आपलं नुसतं जेवणच चाललंय. म्हणून आज लिहायला बसलो. चोवीस वर्षं फौजेत कारकुनी केली, बोलण्यापेक्षा कागदावर मला जास्त सुधरतं.

फिट येते म्हणून तुला ट्रेनिंगमधून घरी पाठवलं, त्या मेडिकल बोर्डाचे, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाचे, कागद माझ्याकडे आहेत. मार्च 2019 मध्ये तू घरी आलास, आंघोळीला गेलास आणि तेवढ्यात मी कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आणली. मूळ कागद तू पेटीत टाकून कुलूप लावलंस, झेरॉक्सचं तुला कधी बोललो नाही. कारकुनाची खोड. त्यानंतर ते कागद मी इतक्यांदा वाचलेत की कुठल्या पानावर शिक्का तिरका बसलाय तेही सांगू शकेन.

त्यात सगळ्यात महत्त्वाचे रकाने दोनच. पहिला : हा आजार नोकरीमुळे झाला का? दुसरा : आधीपासून असला तरी नोकरीमुळे वाढला का? तुझ्या दोन्ही रकान्यांत "नो" आहे. फौजेत याला नुसतं "नाना" म्हणतात, नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड. ऐकायला आपल्या कुणा नात्यातल्या नानांसारखं वाटतं, पण या नानानं किती पोरांची पेन्शन अडवली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि कारण द्यायच्या जागी काय लिहिलंय? "कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर, नॉट रिलेटेड टू सर्व्हिस." म्हणजे आजार मुळातच अंगातला, नोकरीशी संबंध नाही. एवढंच. का नाही, कशावरून नाही, तुझ्या ट्रेनिंगचं कुठलं रेकॉर्ड बघून हे ठरवलं, त्याबद्दल एक ओळ नाही.

बाळा, असे कागद मी स्वतः टाइप केलेत. बोर्डाचे नाहीत, त्याच्या पुढचे. अपंगत्वाच्या पेन्शनचा क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र घरी जातं ते. त्याचा एक नमुना ठरलेला होता, त्यात मोकळ्या जागा तीनच : नंबर, नाव, आजाराचं नाव. बाकी मजकूर तोच, "काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे". विचार कुणी केला, कधी केला, मला दिसला नाही. मी मोकळ्या जागा भरायचो, साहेबांची सही घ्यायचो, लिफाफा चिकटवायचो. त्यातला एक लिफाफा एक दिवस आपल्याच दारात येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. तो आला तेव्हा भाषा ओळखीची वाटली आणि पोटात कसंतरी झालं.

त्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की सहा महिन्यांत अपील करता येईल. तू म्हणालास, "नको." मी म्हणालो, "बरं." गावाला वाटलं बाप समजूतदार आहे, पोराच्या मनाविरुद्ध जात नाही. खरं कारण वेगळं होतं. ते सांगायलाच हे पत्र.

फेब्रुवारी 2002. ऑपरेशन पराक्रमसाठी सगळी फौज सीमेवर गेली होती, आमचं ऑफिससुद्धा राजस्थानात तंबूत. तू अडीच वर्षांचा होतास. तुझ्या आईचं आंतर्देशीय पत्र आलं. त्यात शेवटच्या घडीवर, जिथं गोंद लावायची जागा असते तिथं, बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं : "बाळाला ताप डोक्यात गेला. आकडी आली. शेजारच्या काकींनी कांदा फोडून नाकाला लावला. आता खेळतोय, काळजी करू नये." मी काळजी केली, उत्तर पाठवलं, पुढच्या पत्रात तुझा नवा दात होता. विषय संपला. पुन्हा तसं कधी झालं नाही.

2018 ला तू भरतीला उभा राहिलास तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता, पूर्वी कधी फिट आली होती का. तू "नाही" लिहिलंस. तू खरंच लिहिलंस, तुला काय माहीत? मी शेजारी बसलो होतो. मला ते आंतर्देशीय आठवलं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलाय. त्या दिवशी नाही आठवलं, शपथेवर सांगतो. पण 2019 ला नामंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा मात्र आठवलं. अर्धवट, धुक्यातल्यासारखं. आणि मी माळ्यावरची माझी ट्रंक उघडली नाही. वाटलं, अपील केलं आणि कुणी हे उकरून काढलं तर पोरावर खोटं बोलल्याचा डाग लागेल. सहा महिने गेले. तुझे सहा महिने मी घालवले.

गेल्या महिन्यात ट्रंक उघडली. पत्र तिथंच होतं, रेशनकार्डाच्या जुन्या प्रतीखाली. घेऊन थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, तुझं नाव न सांगता. त्यांनी पत्र वाचलं आणि हसले. राग आला मला. मग त्यांनी समजावलं : सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात आकडी येणं ही नेहमीची गोष्ट, शंभरात दोन-चार मुलांना येते. बहुतेकांना पुढे काही होत नाही. थोड्यांना होतं, पण एका साध्या आकडीवरून सोळा-सतरा वर्षांनी आलेल्या फिटचं कारण ठरवता येत नाही. मी विचारलं, आणि झोप? म्हणाले, झोपमोड हे फिट येण्याचं सगळ्यांना माहीत असलेलं निमित्त आहे.

आता तुझ्याकडे येतो. तू एकदाच, त्या पहिल्या रात्री, आईला सांगितलं होतंस. मी दाराआड ऐकत होतो. सलग तीन रात्री : एक नाइट मार्च, दोन रात्री पहाऱ्याची ड्यूटी, मधल्या दिवशी पीटी आणि फायरिंग. चौथ्या दिवशी पहाटे फॉल इनमध्ये, रांगेत उभा असताना, पडलास. शुद्धीवर आलास तेव्हा उस्तादानं, ट्रेनिंग देणाऱ्यानं, डोकं मांडीवर घेतलं होतं आणि जीभ चावल्यामुळे तोंडात रक्त होतं. अठरा दिवसांनी हॉस्पिटलात दुसरी फिट. ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या कसम परेडची आमची तिकिटं काढलेली होती. ती रद्द करायला मी स्टेशनवर गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कारण?" मी म्हणालो, "तब्येत."

त्या तीन रात्री बोर्डाच्या कागदात कुठेच नाहीत. मला सगळा भर त्यावर द्यायचाय. लोक पहिल्या रकान्यावर भांडतात, "नोकरीमुळेच झाला" म्हणतात, आणि सिद्ध करता करता दमतात. दुसरा रकाना कुणी बघत नाही. समजा, आजाराचं बी आधीपासून होतं. असू दे. पण ते उगवलं कशानं? ड्यूटी रोस्टरमध्ये त्या रात्री लिहिलेल्या असणार. फौजेत बाकी काही हरवेल, ड्यूटी रोस्टर लिहिल्याशिवाय कुणी झोपत नाही.

कायद्याचं थोडं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलो, तिथून एका वकिलांकडे. ते पूर्वी फौजेतच होते, म्हणून बोलणं लवकर जमलं. त्यांनी धरमवीर सिंग यांचा निकाल वाचायला दिला. सिग्नल्सचा जवान, 1985 चा भरती, 1994 ला घरी पाठवला. आजार तुझाच, फिट्स. सुप्रीम कोर्टानं जुलै 2013 मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरायचं, आणि बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारणं द्यावी लागतील. सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग यांच्या निकालात आलं की ज्याला आजारामुळे फौजेतून काढलं त्याचं अपंगत्व वीस टक्क्यांहून जास्त आहे असंच धरायचं. आणि यंदा एप्रिलमध्ये बिजेंदर सिंग यांचा निकाल, तेही फिट्सचेच. 1989 ला घरी आलेला माणूस, 2025 ला न्याय. छत्तीस वर्षं! वाचून आनंद व्हावा की धसका घ्यावा तेच कळेना.

उलट निकालही आहेत, ते लपवत नाही. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात कोर्टानं म्हटलं की मानसिक आजारात नुसती नोंद नव्हती एवढ्यावर भागत नाही. आजार वेगळा, पण सरकारी वकील ते पुढे करणारच. शिवाय तू आत होतास जेमतेम पाच महिने. "एवढ्यात नोकरीनं काय केलं?" असं ते विचारतील. आपली सगळ्यात कच्ची बाजू हीच. तिला उत्तर म्हणून माझ्याकडे त्या तीन रात्री आहेत, दुसरं काही नाही.

उशिराचं म्हणशील तर ट्रिब्युनलची, म्हणजे फौजींचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची, मुदतही सहा महिन्यांचीच असते. पण पेन्शन दर महिन्याला देणं असतं, म्हणून उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही. 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी मात्र मागच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे आधीची तीन वर्षं गेली ती गेली. ती माझ्या नावावर लिही.

आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा : भरतीवेळची तपासणी, बोर्डाची पूर्ण कार्यवाही, हॉस्पिटलचे कागद आणि त्या आठवड्याचं ड्यूटी रोस्टर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग पेन्शनच्या नामंजुरीवर फौजेकडे पहिलं अपील, तिथं नाही झालं तर दुसरं, आणि शेवटी मुंबईचं ट्रिब्युनल. पायऱ्या गाळल्या तर ट्रिब्युनल आधी तेच विचारतं.

आता ते आंतर्देशीय. वकील म्हणाले, "कुणी विचारलं नाही, तुम्ही दाखवू नका." चुकीचं नाही सांगितलं त्यांनी, वकिलाचं ते काम. पण मला ते पटत नाही. मी सहा वर्षं ते लपवलं आणि त्यानं आपल्या घराचं काय झालं ते बघ : तू गावच्या यात्रेला येत नाहीस, मी पारावर बसत नाही. अपिलाला ते पत्र जोडावं आणि सोबत डॉक्टरांचं लेखी मत जोडावं असं मला वाटतं. त्यानं केस कमजोर होईल, ठाऊक आहे. तरी फॉर्म तुझा होता, सही तुझी होती, तेव्हा ठरवायचं तूच. तू "नको" म्हणालास तर पत्र ट्रंकेत परत जाईल. पण त्या अपिलावर साक्षीदार म्हणून सही मी करणार नाही, दुसऱ्या कुणाची घे. रागानं लिहीत नाही. हात चालणार नाही माझा.

आणखी एक. हे सगळं जिंकलो तरी वर्दी परत मिळणार नाही. फिट येणाऱ्या माणसाच्या हातात रायफल देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी सुद्धा दिली नसती. मिळालंच तर त्या दोन रकान्यांपैकी एकात "नो" चं "येस" होईल, आणि महिन्याला काही पैसे. पैशाची तुला गरज नाही म्हणशील. असू दे. मला तो "येस" बघायचाय. गावात लोक म्हणतात "फौजेतनं परत आलेला". परत आलेला म्हणजे पळून आलेला की पाठवलेला, हे कुणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर कागदच दाखवला असता.

गेल्या महिन्यात टीव्हीवर सांगत होते की एनडीएसारख्या अकादम्यांतून ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांचा विषय सुप्रीम कोर्टानं स्वतःहून हातात घेतलाय. आई स्वयंपाकघरातून आली आणि उभ्यानंच बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अजून पण आहेत." इतकी वर्षं तिला वाटत होतं की हे तिच्या एकटीच्याच पोराचं झालंय.

अर्ज सोबत आहे. तुझी सही लागेल त्या तीन जागी पेन्सिलनं फुली मारलीय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डरही जोडलीय. नको असेल तर फाडून टाक, दहाच रुपये जातील. पण फाडलंस तर तसं कळव, पुन्हा जेवणाचं विचारू नकोस.

आंतर्देशीयाची झेरॉक्स मागे टाचलीय. मूळ माझ्याकडे आहे. शाई पुसट झालीय, तेव्हा उजेडात धरून वाच. तिच्या अक्षरातलं "आता खेळतोय" नीट दिसतं.

तुझा,
आप्पा

ता. क. : गोदामात रात्रपाळी घेतलीस असं मामा बोलला. डॉक्टरांनी झोपेचं काय सांगितलं ते वर लिहिलंच आहे. साहेबाला सांगून दिवसपाळी माग, कारण विचारलं तर खरं सांग. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणत जा.