पत्र वाचताना आजीला जवळ बसवा

एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड
आषाढ, गुरुवारची रात्र

ती. आई, ती. अण्णा आणि आजी,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं अण्णा आधी म्हणतील. फोनवर आई विचारते, "जेवनी का?" मी म्हणते, जेवले. मागून धाकटा ओरडतो, आवाज येत नाही. तेवढ्यात तुमच्याकडची लाइट जाते. गाण्याच्या कार्यक्रमांसाठी इथं आल्यापासून तीन महिन्यांत आपलं बोलणं जेवणाच्या पुढे गेलेलं नाही, म्हणून लिहिते. पोस्टाची वाट कोण बघणार, फोटो काढून धाकट्याच्या फोनवर पाठवते. त्याला मोठ्यानं वाचायला लावा, आणि शेवटचं पान आधी बघू नका.

मी ठणठणीत आहे. वजन कमी झालेलं नाही, फोटोत गाल बसलेले दिसतात ते इथल्या उजेडामुळे. पाऊस रोज असतो, पण नुसता भुरभुर. अण्णा, कपाशीला असा मिळाला असता तर! आईनं दिलेले बिबडे पुरवून खाते, कळण्याचं पीठ संपलं. तुपाचं मात्र सांगून टाकते. बरणी विमानतळावरच गेली. बाहेरचं दूधदुभतं युरोपात आणू देत नाहीत, हे मला तिथं उभी असताना कळलं. बरणी डब्यात टाकताना तो माणूस "सॉरी" म्हणाला, मी "चालेल" म्हणाले आणि पुढं जाऊन रडले. आई, तूप अजून आहे असं मी दोनदा सांगितलं ते खोटं होतं.

आता पबचं. माझा व्हिडिओ बघून पाचोऱ्याच्या मामांनी "पोरगी दारूच्या दुकानात गाते" असं गावभर केल्याचं कळलं. तर नीट ऐका. इथला पब म्हणजे आपल्या फाट्यावरचा हिरव्या पडद्याचा बार नव्हे. इथं बाया येतात, म्हातारे येतात, आईबापाबरोबर लेकरं येतात. लेकरांना रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत बसता येतं, तसा कायदाच आहे. मी चहा पिते. चहा मागितला तर कोणी हसत नाही, किटलीभर आणून देतात. अण्णा, शपथ घालायचं काम नाही.

कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वाजवणारे बसतात, त्याला सेशन म्हणतात. आणि बसतात कसे, तर लोकांकडे पाठ करून! तोंडं एकमेकांकडे, मधे पेले, गिऱ्हाइकाला दिसतात नुसत्या पाठी. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचं गावाशी भांडण झालंय. माईक नाही, मंडप नाही, निवेदक नाही. एकजण फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, गळ्याशी लावतो आणि न बोलता सुरू करतो. ज्यांना ती चाल येते ते शिरतात, ज्यांना येत नाही ते गुमान बसतात. चाल तीनदा फिरवायची. तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी कुणीतरी नुसतं वर बघतं, की सगळे दुसऱ्या चालीत. टाळ्यांचीही फारशी रीत नाही. थांबले की पेला उचलतात आणि पावसाच्या, गायींच्या गप्पा सुरू. चालीचं नाव विचारलं तर निम्म्या वेळा वाजवणाऱ्यालाच आठवत नाही. आपल्याकडे वह्यांच्या, म्हणजे डफावरच्या गाण्यांच्या, कार्यक्रमात गाणारा लोकांसमोर, झिलकरी मागे, आणि ऐन रंगात "अमुक पाटलांकडून एक्कावन्न रुपये" म्हणायला गाणं थांबवायचं. इथं कुणी एक्कावन्न रुपये पुढे केले तर बिचारे बावरतील.

सगळ्यात कडक नियम चामड्याचा. यांच्याकडे बाउरॉन असतो, लाकडी कड्याला बकऱ्याचं कातडं, आपल्या डफाचा चुलतभाऊच. एक हात आतून दाबून आवाज खालीवर करतात, दुसऱ्या हातात वीतभर दांडी. पूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी गवताची सोंगं घेऊन पोरं दारोदार पैसे मागायची तेव्हा तो वाजायचा, आपल्या शिमग्यासारखं. मैफलीत त्याला मानाची जागा शॉन ओ रिआडा या संगीतकारानं १९६० च्या दशकात दिली. तरी नियम असा, की एका वेळी वाजणार एकच, दुसऱ्यानं मांडीवर धरून बसायचं. आणि मी पहिल्याच रात्री आबांचा डफ काढून सुरू झाले! कुणी काही बोललं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं फक्त माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. तो माझे हात गुंतवायला होता, हे मला चार दिवसांनी समजलं.

डफ बरा आहे. ओल्या हवेत पार ढप्प झाला होता, खोलीवर केस वाळवायच्या यंत्रानं शेकत होते. मग मिलटाउन मालबेला गेले. विली क्लॅन्सी नावाचा पाइप, म्हणजे हवेच्या पिशवीचं वाद्य, वाजवणारा १९७३ साली वारला, तेव्हापासून त्याच्या नावानं तिथं दर जुलैत आठवडाभर शाळा भरते, अख्खं गाव वाजतं. तिथं एका घरी शेकोटी होती. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा त्यात जाळतात, गोवऱ्या रचाव्यात तशा. त्यावर शेकला आणि टण्ण बोलला. त्याला अजून त्या धुराचा वास येतो.

आता आजीसाठी. गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारा म्हणून भाग आहे, तिथल्या सत्तरीच्या बाईबरोबर माझं काम चाललंय. तिचं नाव लिहीत नाही, धाकट्याला वाचता यायचं नाही आणि मलाही धड येत नाही. तिच्या गाण्याला शॉन-नोस म्हणतात, म्हणजे जुनी रीत. साथ नाही, ठेका नाही, एकटा गळा. तिची गाणी आणि तुझ्या ओव्या एकत्र गायच्या, असं ठरलं. पहिले दोन दिवस काही जमेना. मी डफ लावला तर ओवी वरातीच्या बँडसारखी पळायला लागली. फिडलवाल्यानं खाली सूर धरला, तो बरा वाटला, पण तेवढंच.

तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात गात होती आणि तिची शेजारीण तिचा हात हातात घेऊन गोल गोल फिरवत होती, सावकाश, गाणं संपेपर्यंत. गाणाऱ्याला धीर द्यायची ही इथली रीत आहे. आजी, मी बघतच राहिले. तू आणि पलीकडची जिजी पहाटे समोरासमोर बसायच्या, एका खुंट्यावर दोघींचे हात, अगदी तसंच. फक्त मधे जातं नव्हतं. मग मी ओवी धरली आणि त्या बाईनं माझा हात धरला. अंगठ्याखाली तुझ्यासारखाच घट्टा. दुसऱ्या ओळीनंतर माझा आवाज आपोआप थांबला, कारण तिथं तू घास टाकायचीस. ती हात फिरवायची थांबली, मी पुन्हा सुरू केलं, हात पुन्हा फिरला. आता आम्ही कार्यक्रमात तिथंच थांबतो. लोकांना वाटतं, काय विचार करून जागा घेतलीय!

त्या बाईची भाषा आयरिश. शाळेत सगळ्यांना शिकवतात, पण २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारांच्या आसपासच निघाले. तिनं सांगितलं, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी पोरांच्या गळ्यात काठीचा तुकडा अडकवायचे, आयरिश शब्द निघाला की त्यावर एक खाच, आणि संध्याकाळी खाचा मोजून मार. मी तिला सांगितलं, आम्हाला "आहे"च्या जागी अहिराणीतलं "शे" म्हटलं की छडी बसायची, खाचाबिचा कोण मोजतंय. ती खूप हसली. नंतर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

पैशांचं. अण्णा, एजंट वगैरे कुणी नाही, ईमेल मीच लिहिते, दहातल्या आठांना उत्तर येत नाही. सगळ्यात चांगले पैसे घरगुती बैठकीला मिळतात. एखाद्याच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं, दाराशी टोपली, आणि टोपली सगळी माझी. एका ठिकाणी ठरल्या पैशातून साऊंडवाल्याचे कापले, ते जाऊ द्या, तसं एकदाच झालं. तुम्ही मक्याचे पैसे तिकिटाला दिले, त्यातले निम्मे या आठवड्यात खात्यावर येतील. बाकीचे दिवाळीच्या आत. त्यातून पाच हजार आजीच्या हातात द्या, बँकेत नाही, हातात. ओव्या रेकॉर्ड केल्या तेव्हा कागदावर रचनाकार म्हणून "पारंपरिक" लिहायला निघाले होते. मी म्हटलं, परंपरेला मी ओळखत नाही, मला आजीनं शिकवलं. खाली छोट्या अक्षरांत का होईना, तिचं नाव आलंय.

मामांच्या स्थळाचं. मुलगा चांगला असेल. "गाणं चालेल, फिरणं नको" असं त्यांनी कळवलंय म्हणे. अण्णा, बैल हवा पण औत नको, असं झालं हे. तुम्ही काय उत्तर द्यायचं ते द्या, माझ्याकडून नाही म्हणून सांगा. पण धाकट्याची सुपारी माझ्यापायी अडवू नका. मोठी बहीण बिनलग्नाची का, असं मुलीकडचे विचारणारच. सांगा, परदेशात कामाला आहे. खोटं नाही, रोजंदारीवर आहे.

आता शेवटचं. कॉर्क आणि डब्लिन मिळून आणखी सहा कार्यक्रम लागलेत. बेलफास्टचा सातवा सोडला. डब्लिनहून बसनं अडीच तास, मधे फाटकसुद्धा नाही, पण तिथं ब्रिटनचं राज्य आणि माझा व्हिसा चालत नाही. म्हणजे मी तीन आठवडे उशिरा येणार. म्हणजे नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईच्या सणाला, मी घरी नसणार.

आई, रागावू नकोस. कानबाईच्या रात्री गाणी ओढायला मावशीला बोलव, ती दुसरं कडवं चुकवते, चालेल. सोमवारी विसर्जनाला तापीवर जाताना मला फोन लावू नका, मी रडेन आणि संध्याकाळी गळा बसेल. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढताना घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ घालतात. लहानपणी मी माझी मूठ मागितली होती, तेव्हा आजी म्हणाली होती, तू दुसऱ्या घरी मोजली जाशील. तिथंही पुरुषच मोजतात, हे मला नंतर कळलं. यंदा एक मूठ माझ्या नावानं घाला. (धाकट्या, हे वाक्य हळू वाच, ओट्यावर काका बसले असतील.)

तुमची,
आक्का

ता. क. ओट्याखालचं जातं कुणाला देऊ नका. धाकट्यानं आजीला दळायला बसवून त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवावा. पंखा बंद कर. आणि तिला दमवू नकोस, दोनच घास.