दाराआधी भाडं ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकलला आपोआप बंद होणारी दारं हवीत की नकोत, यावर आपल्या पत्रांच्या सदरात बरेच दिवस जुंपली आहे. मुंब्र्याच्या वळणावर 9 जून 2025 रोजी दोन लोकल शेजारून जाताना दाराला लटकलेली माणसं खाली पडून दगावली, त्यानंतर ते होणारच होतं. कुणी म्हणतं माणसं गुदमरतील, कुणी म्हणतं लटकणाऱ्यांना जबर दंड लावा. मी मध्य रेल्वेचा निवृत्त मोटरमन. आपल्याच गाडीला लटकलेली माणसं मोटरमनला दिसत नाहीत, समोरून येणाऱ्या गाडीची दिसतात. वळणावर दोन्ही गाड्या शेजारी आल्या की हात आपसूक हॉर्नवर जायचा. त्यामुळे दारं बंद व्हावीत, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. ती कशी बंद व्हावीत, एवढंच सांगायचंय, आणि त्यासाठी जरा जकार्ताला जावं लागेल.

लेक-जावई तिथे तेबेत भागात राहतात. मुक्कामाला गेलो की माझा वेळ स्टेशनवरच जातो. बायको म्हणते, पेन्शन घेऊनही ड्युटी सुटली नाही. पण कारण तसंच आहे. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला धावली आणि डचांच्या बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तांजुंग प्रिओक बंदराच्या मार्गावर 6 एप्रिल 1925 ला. दोन महिन्यांचं अंतर आणि वीज तीच, 1500 व्होल्ट डीसी. आपल्याकडची डीसी 2016 ला संपली, त्यांच्याकडे अजून आहे. दक्षिणेकडच्या बोगोर शहराहून येणारी गाडी तेबेत सोडून वेग घेते तेव्हा मोटरचा जो आवाज येतो, तो ऐकायला आता मला समुद्र ओलांडावा लागतो.

गाड्या बऱ्याचशा टोकियोत वापरून झालेल्या. 2000 सालापासून हजारावर जुने डबे जपानहून तिथे आले. पुढच्या काचेवर लोखंडी जाळी ठोकलेली, कारण दगड तिथेही मारतात. केबिनच्या मागच्या काचेतून पाहत उभा राहिलो की चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणताना दिसतो. केबिनमध्ये एकटा असला तरी म्हणतो. पद्धत जपानी आहे, पण आपल्या पोरांनीही उचलावी अशी.

आता मुद्द्याचं. आज या गाड्यांची दारं बंद असतात आणि टपावर कुणी नसतं. पंधरा वर्षांपूर्वी हेच जकार्ता टपावरच्या प्रवाशांसाठी जगभर बदनाम होतं. बिनएसी 'इकॉनॉमी' गाड्यांची दारं कायम उघडी, आत पाय ठेवायला जागा नाही, वर दीड हजार व्होल्टची तार आणि तिच्याखाली टपावर पोरं. रेल्वेने सगळे उपाय करून पाहिले. रंग फवारला, कुत्री आणली. 2012 च्या जानेवारीत पूर्वेच्या बेकासी उपनगराकडे तर रुळांच्या वर काँक्रीटचे गोळे टांगले, टपावर बसेल त्याच्या डोक्यात बसावेत म्हणून! त्यानेही लोक हटले नाहीत. दंडाची भाषा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्याला आठच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचंय, तो गोळ्याला भीत नाही.

मग हटले कशाने? त्या वेळी तिथल्या सरकारी रेल्वेचे प्रमुख होते इग्नासियुस जोनान, मूळचे बँकेतले. त्यांच्या काळात जपानी एसी गाड्या भराभर आल्या. पण एसी गाडीचं तिकीट महाग होतं आणि गरीब माणूस इकॉनॉमीच धरत होता. 2013 च्या जुलैत तीन गोष्टी एकदम झाल्या: टप्प्यांवर भाडं, गेटवर टेकवायचं कार्ड, आणि एसीच्या तिकिटाला सरकारी अनुदान. भाडं खाली आलं आणि तो महिना संपायच्या आत इकॉनॉमी गाड्या बंद झाल्या. उघड्या दाराची गाडीच उरली नाही, तर लटकणार कुठे? 2019 पर्यंत रोजचे प्रवासी दहा लाखांच्या घरात गेले.

आजचं भाडं सांगतो. पहिल्या 25 किलोमीटरना 3,000 रुपिया, पुढच्या दर दहा किलोमीटरना 1,000. बोगोर ते शेवटचं स्टेशन जकार्ता कोटा साधारण 55 किलोमीटर, भाडं 6,000 रुपिया, म्हणजे आपले बत्तीसच्या आसपास रुपये. सगळी गाडी एसी, दुसरा वर्गच नाही. आपल्याकडे सीएसएमटी ते कल्याण जवळपास तेवढंच अंतर. साध्या डब्यात पंधरा रुपये आणि एसी लोकलला शंभराच्या आसपास. तिथले पगार आपल्यापेक्षा बरे आहेत, हेही धरा. मुंबईत पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला आली. इतकी वर्षं झाली, अजून साध्या गाडीची वेळ कापून एसी गाडी घातली की फलाटावर बोंबाबोंब होते. लोकांचं वैर दाराशी नाही, तिकिटाच्या आकड्याशी आहे.

जकार्तात सगळं गोडगोड झालं असंही नाही. स्टेशनं मोकळी करताना फलाटावरच्या टपऱ्या तोडल्या. इंडोनेशिया विद्यापीठाच्या स्टेशनाजवळ तर विद्यार्थीच टपरीवाल्यांच्या बाजूने उभे राहिले होते. गाडीतले फेरीवालेही गेले. त्या माणसांचं पुढे काय झालं, याचा हिशेब नव्या चकचकीत फलाटावर कुठे लावलेला दिसत नाही, आणि मला तरी तो डाग वाटतो. गर्दीही आहेच. मांगाराई हे त्यांचं दादर. 2022 पासून बोगोरच्या गाड्या सरळ कोटाला जातात, सुदिरमान-तानाह आबांगकडे जाणाऱ्यांना इथे उतरून गाडी बदलावी लागते. सकाळी वरच्या फलाटावर गाडी लागली की सरकत्या जिन्याकडे जो लोंढा सुटतो, त्यात मी तरी शिरत नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दाराशी रेल्वेचा रखवालदार शिट्टी मारत शेवटच्या दोघांना आत दाबतो, पाठीवरच्या सॅका पोटावर घ्यायला लावतो, आणि दार लागतं. गाडी ठासून भरलेली असते, पण कुणाचा पाय बाहेर नसतो. बायको टोकाच्या महिला डब्यात जाते. तिच्या मते ढकलाढकलीत तिथल्या बायका डोंबिवलीच्या तोडीच्या आहेत.

अनुदानाचंही तिथे सुखाने चाललेलं नाही. 2024 मध्ये ओळखपत्र पाहून ते ठरावीक लोकांनाच द्यावं, असा विचार अंदाजपत्रकाच्या कागदांत आला आणि लोक खवळले. म्हणजे स्वस्त भाडं एकदा दिलं की ते सांभाळायलाही लागतं.

आपली गर्दी त्यांच्या कितीतरी पट आहे, मला मान्य. आपला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वेगळा, तेव्हा टोकियोच्या जुन्या गाड्या आपल्याला चालणार नाहीत, नवेच रेक, म्हणजे अख्ख्या गाड्या, घ्यावे लागतील. बिनएसी गाडीला हवा यायला झडपा ठेवून आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जे चाललंय तेही करून बघावं. पण दार लागायला-उघडायला प्रत्येक स्टेशनावर काही सेकंद जादा जाणार, ते वेळापत्रकात आधी धरा, नाहीतर मोटरमनच्या माथी लेटमार्क बसेल. आणि भाडं न वाढवता एसी डबे देऊ, असं व्यासपीठांवरून बोललं गेलंय, ते लेखी येऊ द्या. कल्याण-सीएसएमटीचं एसी तिकीट किती असेल, फरकाचा पैसा केंद्र देणार की राज्य, आणि किती वर्षं देणार, हे रेकचं टेंडर निघायच्या आधी जाहीर व्हावं.

आपला,
एक निवृत्त मोटरमन, कल्याण
(नाव छापू नये, ही विनंती.)