गाणं पुन्हा गा, पण कर्त्याचं नाव घेऊन

संपादक महोदय,

दामोदराच्या सप्ताहातल्या गाण्याच्या बैठकीत तरुण मुलांनी गिटार आणि कीबोर्ड घेऊन एक जुनं नाट्यपद म्हटलं, आणि ‘मूळ गाण्याची वाट लावली’ अशी तक्रार करणारं एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. त्या बैठकीला ध्वनिक्षेपकाची व्यवस्था माझी होती, मी शेवटपर्यंत मिक्सरपाशी बसून होतो. मुलांनी पाट्या टाकल्या नाहीत. त्यांनी लय बदलली, दोन कडव्यांच्या मधे नवे सूर भरले, शेवट वेगळा केला. पत्रलेखकांचा नाट्यसंगीतावर जीव आहे हे त्यांच्या ओळीओळीतून कळतं. पण ‘जसं होतं तसंच गा, नाहीतर गाऊ नका’ हे मला पटत नाही. का, ते सांगायला थोडं लांब जावं लागेल, पार अमेरिकेत.

वास्कोत बंदरामुळे तारवटींची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, घरं पुष्कळ. आमच्या शेजारचे एकजण बोटीवर असायचे आणि सुटीवर येताना तबकड्या आणायचे. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन यांचं ‘रिस्पेक्ट’, म्हणजे ‘मान’, हे गाणं मी या शेजाऱ्यांच्या बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, बसून ऐकलं. पुढे लाऊडस्पीकरचा धंदा सुरू केला तेव्हापासून नवा स्पीकर आला की तपासायला मी हेच गाणं लावतो. खाली बास ठाम चालतो, वर डफलीची खणखण, मागून अरीथाबाईंच्या बहिणींचे आवाज, मधे सॅक्सोफोन आणि या सगळ्यावर बाईंचा आवाज. स्पीकर जरा जरी कच्चा असला तरी यातलं काहीतरी दबतं आणि लगेच लक्षात येतं.

पण हे गाणं मुळात अरीथाबाईंचं नव्हे. ते लिहिलं आणि पहिल्यांदा गायलं ओटिस रेडिंग यांनी, १९६५ मध्ये, मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीसाठी. त्यांचं गाणं ऐका. पितळी फुंकवाद्यं जोरात, लय धावती, आवाज घोगरा. एक नवरा कामावरून घरी येतो, कमाई आणून बायकोच्या हाती देतो आणि म्हणतो, घरी आलो की मला जरा मान दे. गाणं चांगलं चाललं. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत वर गेलं, सर्वसाधारण यादीत ३५व्या क्रमांकापर्यंत पोचलं. पुढच्याच वर्षी मिशिगनच्या रॅशनल्स नावाच्या गोऱ्या पोरांच्या बँडने ते गायलं. म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाणं तेव्हाही नवं नव्हतं.

अरीथाबाई डेट्रॉईटच्या. वडील चर्चमध्ये प्रवचनकार, त्यामुळे गळा तयार झाला तो तिथल्या भक्तिगीतांवर. आधीच्या कंपनीत त्यांची काही वर्षं गेली, पण आवाजाला साजेसं काम मिळालं नाही. मग त्या ॲटलांटिक कंपनीत आल्या. ‘रिस्पेक्ट’ त्या कार्यक्रमांतून आधीपासून गात होत्या आणि धाकटी बहीण कॅरोलिन हिच्यासोबत त्यांनी त्याला नवं रूप दिलं होतं. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. निर्माते जेरी वेक्सलर, ध्वनिमुद्रक टॉम डाउड, वादक बरेचसे अलाबामातल्या मसल शोल्सचे. पियानोवर स्वतः बाई, मागे गायला कॅरोलिन आणि एर्मा या बहिणी.

आता बदल काय केले ते बघा. मान मागणारी आता बाई झाली. शब्द फार हलले नाहीत, पण बोलणारं माणूस बदललं आणि सगळा अर्थ फिरला. ही बाई पैशासाठी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. मूळ गाण्यात ‘रिस्पेक्ट’ या शब्दाचं स्पेलिंग म्हणणं नव्हतंच. वाद्यं थांबवून एकेक अक्षर सुटं म्हणण्याची जागा, जी आज जगभर लोक तोंडपाठ म्हणतात, ती इथे आली. मागून बहिणी जे झपाझप पुन्हापुन्हा म्हणतात ती सूचना कॅरोलिनची. ती साथ ऐकताना मला नेहमी आमच्या दामोदराच्या सप्ताहातली भजनं आठवतात. मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे ती अशी उचलतात की त्याला पुढे रेटून नेतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलेल्या या संगीताचा, ज्याला सोल म्हणतात, प्राण हाच आहे.

आणि सॅक्सोफोन. मूळ गाण्यात मधला तुकडा नव्हता. तो या मंडळींनी नवीन घातला आणि त्याची स्वरसंगती घेतली सॅम अँड डेव्ह या जोडीच्या वेगळ्याच एका गाण्यातून. गाणं चालू असतं एका पट्टीत, किंग कर्टिस यांचा सॅक्सोफोन सुरू होतो आणि पायाखालची जमीनच सरकते. काही क्षण भलत्याच सुरांत फिरून गाणं परत आपल्या जागी येतं. कानाला कुठेही धक्का लागत नाही. मुलांनी नाट्यपदात नेमकी अशीच जागा शोधली होती. ओटिसच्या चाहत्यांनी तेव्हा ‘वाट लावली’ म्हणून हे बंद पाडलं असतं तर?

जून १९६७ च्या सुरुवातीचे दोन आठवडे हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. नागरी हक्कांच्या चळवळीने आणि स्त्रियांच्या चळवळीने ते आपलं मानलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात माँटेरीच्या महोत्सवात ओटिस रेडिंग स्वतः ‘रिस्पेक्ट’ गायला उभे राहिले. हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं, असं त्यांनी आधी सांगितलं आणि मग ते जीव तोडून गायलं. सहा महिन्यांनी, १० डिसेंबरला, विमान अपघातात ते गेले. वय अवघं २६. माँटेरीचं ते ध्वनिमुद्रण मिळवून जरूर ऐका; आपलं गाणं दुसऱ्याचं झाल्यावरही माणूस ते किती मोठ्या मनाने गाऊ शकतो हे कळतं.

नाट्यसंगीताच्या अभिमान्यांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्याच १९६७ साली आपल्या मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ला संगीत दिलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद, पण अभिषेकीबुवांनी ते एकदा धानी रागात बांधलं आणि एकदा सालगवराळी रागात. शब्द तेच आणि गाणी दोन, नाटकातल्या दोन घराण्यांची, दोन स्वभावांची. यातलं मूळ कुठलं आणि बिघडवलेलं कुठलं?

मात्र पत्रलेखकांच्या तक्रारीतली एक गोष्ट मला शंभर टक्के मान्य आहे आणि ती त्यांनी ओझरती लिहिली आहे. त्या बैठकीत निवेदकाने पद कोणी लिहिलं, चाल कोणाची, पहिल्यांदा कोण गायलं, यातलं एकही नाव घेतलं नाही. खरा अन्याय इथे झाला.

हे सगळीकडे चालतं. आमच्या लग्नांच्या हॉलात ‘हांव सायबा पलतडीं वेतां’ हे कोंकणी गाणं वाजल्याशिवाय रात्र पुरी होत नाही. १९७३ च्या ‘बॉबी’ने त्याची ओळ देशभर नेली. ही देखणी (गोव्यातला नाचगाण्याचा एक प्रकार) कार्लुश युजेनियु फेरेरा यांची, १८९५ साली पॅरिसमध्ये छापलेली. पण माझ्या माईकवरून ती कायम ‘पारंपरिक’ म्हणूनच जाहीर होते.

नावाचा प्रश्न पैशाचाही आहे. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतो, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे तिथे रेडिओवर ‘रिस्पेक्ट’ अरीथाबाईंच्या आवाजात वाजत राहिलं तरी त्याचे पैसे ओटिस यांच्या बाजूला गेले. गाणाऱ्यालाही वाटा हवा, असं माझं ठाम मत आहे. पण निदान मूळ कर्ता तिथे विसरला जात नाही. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार पुन्हा गायलेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण काढायचं तर पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, मोबदला आधी भरावा लागतो आणि हे पुन्हा गायलेलं आहे असं वेष्टनावर लिहावं लागतं. त्याच कलमाखाली मूळ रचनेत मनाला येईल तसा बदलही करता येत नाही. त्यासाठी हक्कधारकाची संमती घ्यावी लागते. यूट्यूबवर गाणी टाकणाऱ्या मुलांना हे कोणीतरी बसवून सांगायला हवं. ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

उत्सव समित्यांना माझी विनंती आहे की कार्यक्रमाच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे गीतकार, संगीतकार आणि पहिला गायक यांची नावं लिहून ती निवेदकाच्या हाती द्यावी. माझी व्यवस्था असेल तिथे अशी यादी आल्याशिवाय मी यापुढे निवेदकाचा माईक चालू करणार नाही. समित्यांना तसं कळवायला सुरुवातही केली आहे. आणि आपण कार्यक्रमांची वृत्तं छापता, त्यांत प्रमुख पाहुण्यांच्या नावांखाली एक ओळ संगीतकारांसाठी ठेवावी. चतुर्थी जवळ आली आहे, तिथून सुरुवात करता येईल.

आपला,
एक ध्वनिक्षेपक व्यावसायिक,
वास्को