बाबा, पेन्शन हा तुमचाच पगार आहे

नारायणगाव,
रविवार

ती. बाबा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर बाबा तुम्ही म्हणालात, "आम्हाला घरबसल्या पैसे मिळतात, लोक बोलतात ते अगदीच खोटं नाही." आणि लगेच ओमच्या सहामाहीची चौकशी करायला लागलात. तळजाईवर काय घडलं ते आईने मला नंतर सांगितलं. एक तरुण मुलगा 'आमच्या टॅक्सवर तुमची पेन्शन चालते' म्हणाला आणि तुम्ही काही न बोलता टेकडी उतरलात. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मला मध्येच तोडाल, म्हणून हे पत्र.

तुम्ही १९७४ साली पाटबंधारे खात्यात दफ्तर कारकून म्हणून लागलात. तुमच्याबरोबर मॅट्रिक झालेले मित्र पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेले. त्यांना पगार जास्त, ओव्हरटाइम, दिवाळीला बोनस. आजी तुम्हाला त्यावरून बोलायची, हे तुम्हीच कितीदा सांगितलं आहे. तरी तुम्ही सरकारी नोकरी धरून राहिलात, कारण आज थोडं कमी घ्यायचं आणि म्हातारपणी हात पसरायचा नाही, असा तो व्यवहार होता. पुढे कालवा निरीक्षक झालात. मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की तुम्ही घरी नसायचात. खडकवासल्याहून सुटलेलं पाणी इंदापूरपर्यंत शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत चाऱ्यांवर भांडणं, रात्री-बेरात्री दारं उघडणारे, त्यांना अडवायला तुम्ही आणि एखादा चौकीदार. त्या रात्रींचा पूर्ण मोबदला तेव्हाच्या पगारात कधीच नव्हता. त्यातला एक भाग सरकारने मागे ठेवला होता आणि तो तुम्हाला आत्ता मिळतो आहे. घरबसल्या मिळतो, कारण काम आधीच झालेलं आहे.

शिवाय सरकारी नोकराला दुसरा धंदा करायची मुभा नसते. १९७९चे वर्तणूक नियम तुम्ही आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवायचात. मामांनी हडपसरला खतांच्या दुकानात भागीदारी देऊ केली, ती तुम्ही त्या नियमापायी नाकारलीत. आणि निवृत्तिवेतनाचे १९८२चे नियम तर सांगतात की वर्तणूक चांगली राहिली पाहिजे, गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर पेन्शन रोखता येते. पाण्याच्या खात्यात पैसे खायच्या संधी किती होत्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही एका रुपयालाही हात लावला नाहीत. असा माणूस आज स्वतःला ओझं म्हणतो याचा मला फार त्रास होतो.

हा प्रश्न न्यायालयाने कधीच सोडवला आहे. १७ डिसेंबर १९८२ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर मिळणारी बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, जन्माने आपल्या पुण्याचे. म्हणून तर तुमच्या संघटनेत १७ डिसेंबरला पेन्शनर दिन होतो. यंदा त्या मुलालाही तिथे बोलवा.

आणि आई, तूही ऐक. बाबांच्या पेन्शनीत तुझा वाटा मला नेहमी दिसतो. १९७७-७८चा ५४ दिवसांचा संप मी आणि दादाने पाहिला नाही, पण तुझ्या तोंडून ऐकला आहे. कर्मचारी नेते र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली सगळे राज्य कर्मचारी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मागत होते. घरात पगार नाही, वाण्याची उधारी वाढलेली, आणि तरी तू बाबांना कामावर जा म्हणाली नाहीस. दर जानेवारी-जुलैला पेन्शनवर वाढणारा महागाई भत्ता तुम्ही दोघं गृहीत धरता. तुमच्या पिढीने पोटाला चिमटा काढून तो आधी पगारात मिळवला, तेव्हा तो निवृत्तांपर्यंत पोचला.

आता माझं सांगते. मी २००९ला लागले. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ला किंवा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्या शाळेत एक बाई त्याच्या काही महिने आधीच्या आहेत. आम्ही दोघी तोच अभ्यासक्रम शिकवतो, निवडणुकीला त्याच मतदान केंद्रावर बसतो. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता ठरलेला आहे. माझ्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के कापले जातात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि तो पैसा बाजारात जातो. समजा निवृत्तीला तीस लाख जमले. नियमाने किमान चाळीस टक्के, म्हणजे बारा लाख, विमा कंपनीकडे देऊन वार्षिकी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, घ्यायची. सहा टक्के दर मिळाला तर महिन्याला सहा हजार. साध्या वार्षिकीत पंचाहत्तराव्या वर्षीही तेच सहा हजार. उरलेल्या अठरा लाखांवर व्याज खाईन म्हटलं तर एका मोठ्या आजारपणात ते संपतील. तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पैसे येणार हे ठाऊक होतं. आपण दवाखान्यात बसून फक्त तुमची काळजी केली, पैशांची नाही.

तो मुलगा चूक आहे, पण त्याचा राग खोटा नाही. हिंजवडीला तो रोज दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवत असेल, आज नोकरी आहे, उद्या मेल येईल आणि जाईल. त्याला म्हातारपणाची हमी कोणी दिलेली नाही. आपल्या वसंतकाकांचंच बघा. भोसरीत जन्मभर लेथवर उभे राहिले आणि हातात ईपीएस-९५ची, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांच्या १९९५च्या योजनेची, पेन्शन. २०१४पासून त्या हिशोबात पगार धरतात तो जास्तीत जास्त पंधरा हजार. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. पस्तीस वर्षं पूर्ण पंधरा हजार धरले तरी साडेसात हजार येतात. काकांना तेवढेही नाहीत. किमान पेन्शन एक हजार आहे, एक हजार! काकांना मिळत नाही म्हणून तुमचीही काढा, याने काकांच्या घरात काय जास्त येणार? काकांची पेन्शन वाढवा, तिला महागाई भत्ता जोडा, ही मागणी त्या मुलाने, मी आणि तुम्ही मिळून करायला हवी. सरकारी नोकराची पेन्शन शाबूत असेल तरच बाकीच्यांना बोट दाखवायला काही तरी उरतं. ती गेली की मागायचं कशाच्या आधारावर?

पैसा कुठून येणार, हा प्रश्न मी टाळत नाही. जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याचा हिस्सा नाही, राज्याला दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून तरतूद करावी लागते, आणि पगार, पेन्शन, व्याज मिळून महसुलाचा मोठा भाग जातो. त्यामुळे माझे दहा टक्के द्यायला माझी ना नाही. ते घ्या, तुमचे चौदा घाला, निधी उभा करा. पण शेवटच्या पगाराच्या निम्म्याची आणि महागाईची हमी सरकारची असू दे. बाजार कोसळला तर राज्य चार-पाच वर्षं थांबू शकतं, ऐंशीच्या घरातली एकटी बाई थांबू शकत नाही. जोखीम कोणी उचलायची एवढाच माझा वाद आहे.

आणि सरकारलाही हे कळलं आहे. मार्च २०२३च्या संपात मी होते, तुम्हाला माझ्या नोटिशीची काळजी लागून राहिली होती, आठवतं? 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून माझा घसा बसला होता. संप सात दिवसांत मिटला, समिती बसली. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाईची भर. बाजारावर सोडलेलं म्हातारपण निभत नाही, याची ही कबुलीच आहे. पण ज्या बाई संसार सावरून चाळिशीत नोकरीला लागल्या त्यांनी पंचवीस वर्षं आणायची कुठून? भांडण संपलेलं नाही, आणि मी त्यातून बाजूला होणार नाही.

बाबा, २००८ला तुम्ही पेन्शनीचा काही भाग विकून, म्हणजे त्याचे पैसे एकदम घेऊन, दादाच्या कॉलेजची फी भरलीत. पंधरा वर्षं तेवढी पेन्शन कापून घेतलीत आणि २०२३ला पूर्ण पेन्शन सुरू झाली. त्या महिन्यात आईसाठी गुडघ्याचं चांगलं मशिन घेतलंत, ओमला सायकल दिलीत, मांडवीच्या शाळेला पुस्तकं पाठवलीत. लोकांचं घेऊन बसलेला माणूस असं वागतो का?

आता कामाचं. नोव्हेंबर तोंडावर आला. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभं राहू नका. मी शनिवारी येते, जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, घरीच करू, अंगठा उमटला नाही तर चेहऱ्यावरून होतं. पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, कपाटातून काढून ठेवा. त्यात आईचं नाव आधार कार्डापेक्षा वेगळं आहे, लग्नाआधीचं की नंतरचं ते मला नीट बघायचं आहे, आणि जन्मतारीखही. पुढे कधी कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली तर तिला एका अक्षरापायी कोषागाराच्या खेपा घालायला लागू नयेत. दुरुस्तीचा अर्ज तुम्ही स्वतः हयात असताना सोपा होतो. रागावू नका, तुम्हीच आम्हाला कागद वेळेत करायला शिकवलं आहे. बँकेचं खातं दोघांच्या नावावर आहे ना, तेही पासबुकात बघून ठेवा. ओम तुमच्याबरोबर तळजाईला यायचं म्हणतो आहे, रविवारी सकाळी सगळेच जाऊ.

तुमची,
माई