रात्री तीनची ऑर्डर कुणाची?

संपादक महोदय,

१२ मे, म्हणजे परिचारिका दिन, आला की आम्हा परिचारिकांना गुलाब देऊन फोटो काढतात आणि आपण ते छापता. यंदा फोटोसोबत एवढं पत्रही छापावं.

माझी बरीचशी नोकरी अतिदक्षता विभागात गेली. रात्री तीनला पेशंटचं बीपी सत्तरवर आलं की डॉक्टरांना फोन लावायचा. पलीकडून झोपेतला आवाज, "सिस्टर, काय करूया?" मी सांगायचे, सलाईन पुरेसं गेलंय, लघवी नाही, बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड सुरू करावं लागेल. "हो, करा." मग केसपेपरवर 'टेलिफोनिक ऑर्डर, ३.१०' असं लिहायचं आणि पंप लावायचा. डॉक्टरांची सही सकाळच्या राउंडला. एकदा ती सही राहून गेली, नेमका तोच पेशंट दगावला, आणि चौकशीत पहिला प्रश्न मला: कुणाच्या सांगण्यावरून दिलंत? मीच सुचवलं होतं, हे खरं उत्तर द्यायची सोय नव्हती.

परिचारिकेला असा अधिकार शिकवून देता येतो. अमेरिकेत १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर कोलोरॅडो विद्यापीठात 'नर्स प्रॅक्टिशनर'चं शिक्षण सुरू केलं. आज तिथे त्यासाठी किमान पदव्युत्तर शिक्षण, वर राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा, आणि ते प्रमाणपत्रही ठरावीक वर्षांनी नव्याने मिळवायचं. त्या बदल्यात निम्म्याहून अधिक राज्यांत त्या स्वतःच्या सहीने तपासतात, औषध लिहून देतात.

आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास अतिदक्षतेसाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नर्सिंगनंतरचा, बहुतेक वेळ प्रत्यक्ष पेशंटपाशी. अभ्यासक्रम चांगला आहे, पण प्रवेशासाठी एका वर्षाचा अनुभव पुरतो, हे मला पटत नाही. वर्षभरात मुलींना मॉनिटरचा कुठला अलार्म खरा आणि कुठला पेशंट कुशीवर वळल्याचा, एवढंच कळू लागतं. किमान तीन वर्षं तरी हवीत.

अर्धवट शिकलेल्याच्या हाती प्रिस्क्रिप्शन जाईल, ही डॉक्टर मंडळींची धास्ती मला गैर वाटत नाही. म्हणून तर स्वतंत्र परीक्षा घ्या, कडक घ्या, पाच वर्षांनी पुन्हा तपासा. पण उत्तीर्ण झालेलीला काय करता येईल ते कागदावर लिहून द्या: कुठलं औषध, कुठल्या मर्यादेपर्यंत, कुणाला कळवून. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. त्याचे नियम करणाऱ्यांनी एक रात्र वॉर्डात काढावी, चहा आम्ही पाजू.

माझ्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी हा अभ्यासक्रम पुरा करून परत आली. व्हेंटिलेटरचं सेटिंग ती नव्या रेसिडेंट डॉक्टरला समजावून सांगते. मात्र या पदवीचं वेगळं पद तिथे नाही, पगारात फरक नाही. ड्युटी चार्टवर ती आजही अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्सच, आणि रात्री तीनला फोनही अजून तीच लावते.

– एक निवृत्त परिसेविका, सातारा